भेंडीवरचा केवडा

आमच्याकडे भेंडीवरच्या एका रोगाला 'केवडा' म्हणतात. नाव सुवासिक, करणी मात्र घातकी! गेल्या पावसाळ्यात मी कॉलेजला निघालो असता अण्णा म्हणाले, "बांधाकडची पिवळी झाडं तेवढी उपटून टाक." मी वाकून पाहिले. हिरव्या पानांवर सोनेरी शिरांची जाळी इतकी सुरेख दिसत होती, की हात धजेना. शिवाय झाडांना भेंड्या धरत होत्या. जिवंत झाड कसे उपटायचे? मी तसाच बस गाठायला पळालो.

महिन्याभरात सारे शेत पिवळे पडले. भेंड्या पांढुरक्या, निबर. बाजारात कोणी विचारीना. माझी फी त्याच पैशांतून भरायची होती.

मग ग्रंथालयात शोधले. केवडा हा विषाणूचा रोग. मुंबई इलाख्यात १९२४ साली त्याची नोंद झाली. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते आणि शेजारच्या निरोगी झाडावर जाऊन बसते. बांधावरची काही तणेही या विषाणूला आसरा देतात. झाड जिवंत असेतोवरच त्याचा संसार! मी ज्याला झाडाचा जीव समजलो, ते त्याचे बिऱ्हाड होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचा रानटी भाऊबंदाशी संकर करून 'परभणी क्रांती' हा रोगप्रतिकारक वाण काढला. पुढे त्यावरही केवडा दिसू लागला.

अण्णा मला एक शब्दही बोलले नाहीत. यंदा पहिले पिवळे पान दिसताच मी आपण होऊन ते झाड उपटले. त्याला दोन कोवळ्या भेंड्या होत्या.