मनगटातलं रबर

वळणावर एक सर खुर्ची टाकून बसलेले असत. डाव्या हाताच्या बोटांत रबरांचा गुच्छ. धापा टाकत पोचलेल्या प्रत्येकाच्या मनगटात ते एक रबर चढवत आणि मग माघारी फिरायचं. कुणी अर्ध्या वाटेतच करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसू नये म्हणून ही सोय. माझ्या मनगटात ते रबर चढलं ते १९८२ च्या प्रजासत्ताक दिनी, पेणहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. कुलाब्याचा रायगड जिल्हा होऊन जेमतेम वर्ष झालेलं. सरांच्या मांडीवरच्या कागदावर अजून ‘कुलाबा’च छापलेलं होतं, त्यावर शाईची आडवी रेघ.

अंतर किती, ते कुणी मोजलं नव्हतं. ‘तिसऱ्या दगडापर्यंत जाऊन या’ एवढंच. आम्ही बहुतेक सगळे अनवाणी. दोघांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, तेही खडू फासून पांढरे केलेले. अनवाणी पायांची कुणी लाज धरली की सर बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांचं नाव काढत. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. एकोणिसावा नंबर ऐकून आम्ही एकमेकांकडे बघून हसलो होतो. बेचाळीस किलोमीटर म्हणजे काय ते आता पायांना कळलंय, त्यामुळे त्या हसण्याबद्दल स्वतःचाच कान धरावासा वाटतो.

धावणारे पंधरा आणि बघणारं निम्मं पेण, अशी ती शर्यत. गणपतीच्या कारखान्यातली माणसं मातीचे हात तसेच घेऊन रस्त्याला आलेली. एक आजी तांब्या घेऊन उभी होती. पाणी देण्याआधी तिनं ‘मेल्या, पळ की!’ म्हणून घेतलं. मुली होत्या, पण कडेला. त्यांच्यासाठी लिंबू-चमचा. तेव्हा ते आम्हालाच काय, त्यांनाही खटकलं नसावं, किंवा खटकलं असेल तर विचारलं कुणी?

मी शेवटून पहिला होतो. फाटकाजवळ टाळ्यांचा आवाज आला, पहिल्या नंबराला स्टीलचा पेला देत होते. मी अलीकडच्याच बोळात वळलो आणि परसदारानं घरी गेलो. रबर मनगटातच राहिलं. आईनं ते काढून पोह्याच्या पापडांच्या पिशवीला लावलं.

त्यानंतर पळालो तो एसटीमागे. १९८६ साली रेल्वे रोह्याला पोचली, मग तिच्यामागे. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता मी या धावणाऱ्यांच्या तावडीत सापडलो. आमच्या गटात बँकेतला एक, दोन शिक्षिका, एक परिचारिका, एक टेम्पोवाला, एक मूर्तिकार आणि एक सासू-सून अशी जोडी आहे. सून वेगात पुढे जाते. सासूबाई मागून सांगतात, ‘जा गं तू, मी येते.’ रात्री नऊला मोबाइलवर निरोप येतो: उद्या पाच. पावणेपाचला कुणीतरी दारात उभं असतं, म्हणून उठावंच लागतं. एकट्यानं मी आठवडाभरही टिकलो नसतो.

सगळंच काही मला रुचत नाही. घड्याळ बघितल्याशिवाय दम लागला की नाही ते लोकांना कळेनासं झालंय, आणि दर शर्यतीचा एक टीशर्ट जमून घरात पोछ्यांची टंचाई संपली आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिथे जायचं तर आदल्या दिवशी दादरच्या मावसभावाकडे मुक्काम. यंदा अर्धी मॅरेथॉन धावलो. माहीमहून निघून सी-लिंकवर आलो तर खाली समुद्र आणि दोन्ही बाजूंना अनोळखी खांदे. छातीवरच्या नंबरामागे चिकटवलेली चिप कुठे-कुठे माझी हजेरी घेत होती ते मला कळलंही नाही. रबराचं काम तीच करते, पण मनगटाला काही जाणवत नाही.

ऑगस्टमधल्या पहाटे मात्र मला पेणशिवाय कुठे नको वाटतं. हमरापूर, जोह्याकडच्या कारखान्यांत रात्रभर दिवे असतात. पाऊस गळत असतो आणि दारातून मूर्तींच्या रांगा दिसतात. एकदा आमचा मूर्तिकार धावायला आला नाही म्हणून आम्ही त्याच्या दाराशी थांबलो. तो डोळ्यांची आखणी करत होता. पेणच्या मूर्तीचं नाव आहे ते या आखणीमुळे. बारीक कुंचला, दुसऱ्या हाताचा आधार, आणि रेघ पुरी होईपर्यंत श्वास रोखलेला. दारात आम्ही आठ जण भात्यासारखे धापा टाकत. त्यानं मागे न बघता हात हलवला: आवाज कमी करा.

वर्षातून एकदा आम्ही नागोठण्यापर्यंत रेल्वेनं जातो आणि तिथून रोह्यापर्यंत धावतो. महामार्ग टाळण्यासाठीच ही वाट; त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ पासून ज्या गतीनं चाललं, त्या गतीनं धावणाऱ्याला आमच्या गटात कुणी घेतलं नसतं. भिसे खिंडीच्या चढावर सगळ्यांची बोलणी बंद पडतात. वस्तीतली माणसं बघतात, पण टाळ्या नाहीत. ‘कुठे आग लागली का?’ असं एका आजोबांनी खरोखरच विचारलं होतं. खिंड उतरली की पुन्हा जिभा सुटतात, आणि कुंडलिकेचं पाणी दिसेपर्यंत दिवाळीच्या फराळाचा हिशोब चालतो.

गेल्या खेपेला मी शेवटून पहिलाच होतो. रोह्यात शिरताना डावीकडे एक बोळ दिसला. खोटं कशाला बोलू, पाय क्षणभर तिकडे वळलेही. तेवढ्यात सासूबाई समोरून उलट्या धावत येताना दिसल्या. मला न्यायला. एका हातात कागदात गुंडाळलेला वडापाव, दुसऱ्या हातात माझी पिशवी.

‘वडा गाडीत खा,’ त्या म्हणाल्या. ‘दिवा गाडी सुटायला सात मिनिटं आहेत. पळा!’