कोय आणि कलम

कोकणातील आंब्याच्या बागेत रायवळ आणि हापूस ही झाडे एकाच जांभ्या मातीत, एकाच पावसावर वाढत असली, तरी त्यांच्या जन्माची कुळकथा एक नाही. रायवळ कोयीतून उगवतो आणि म्हणून त्याला माता व पिता दोन्ही असतात. हापूसचे झाड मात्र कलम असते; त्याला पिता नसतो, आणि ज्या झाडाची काडी कापून ते बांधले त्याला मातृवृक्ष म्हणण्याची रीत असली, तरी तो वृक्ष त्याची माता नसून दुसऱ्या जागी उभे असलेले तेच झाड होय. सजीवांच्या लैंगिक आणि अलैंगिक प्रजननातला सगळा भेद या दोन झाडांच्या मधल्या चार पावलांच्या अंतरात सामावलेला आहे.

अलैंगिक प्रजननात एकच जीव पुरतो. त्याच्या पेशी सूत्री विभाजनाने, म्हणजे गुणसूत्रांच्या संपूर्ण संचाची नक्कल करून ती दोन्ही पेशींना सारखी देत, वाढत जातात आणि त्यातून उपजणारा जीव गुणांनी मूळ जीवाचीच आवृत्ती ठरतो. पानफुटीचे मांसल पान ओल्या मातीवर पडून राहिले, की त्याच्या कडेच्या खाचाखाचांतून दोन चिमुकली पाने आणि केसाएवढी मुळे घेऊन रोपे बाहेर येतात, आणि जुने पान स्वतःजवळचे पाणी त्यांना पुरवत हळूहळू सुरकुतून जाते. केळीच्या कंदातून निघणारे मुनवे आणि उसाच्या कांडीवरील डोळ्यातून फुटणारा कोंब ही याच घराण्यातली उदाहरणे होत.

लैंगिक प्रजननाची वाट याहून लांबची, खर्चाची आणि अनिश्चित आहे. माघात झाड मोहरते तेव्हा एकेका तुऱ्यात शेकडो, कधी हजारोंनी फुले असतात. त्यांतली बरीचशी केवळ नर, काही द्विलिंगी, आणि द्विलिंगी फुलातही बहुधा एकाच पुंकेसरावर सकस पराग. ते पराग माश्या आणि इतर कीटक कुक्षीपर्यंत, म्हणजे स्त्रीकेसराच्या चिकट टोकापर्यंत, नेतात, आणि तरीही तुऱ्यामागे पिकून हाती येणारी फळे मोजकीच. या उधळपट्टीचे कारण पेशीच्या आत सापडते. आंब्याच्या पेशीत गुणसूत्रे ४०, म्हणजे २० जोड्या असतात; युग्मक, अर्थात नर किंवा मादी जननपेशी, तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होऊन प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र युग्मकात जाते. कोणत्या जोडीतले कोणते जाईल हे दर वेळी नव्याने ठरत असल्याने नुसत्या या वाटपातून एका झाडाच्या युग्मकांत १०,४८,५७६ निरनिराळे संच संभवतात, आणि विलग होण्यापूर्वी जोडीदार गुणसूत्रे आपापले तुकडेही अदलाबदल करतात ते वेगळेच. असे दोन युग्मक मिळून जो युग्मनज बनतो, ती कोयीतल्या झाडाची पहिली पेशी. तसे झाड पूर्वी कधी झालेले नसते.

म्हणूनच रायवळाच्या प्रत्येक झाडाला गावात स्वतंत्र नाव असते. कोणी शेंदऱ्या, कोणी खोबऱ्या, कोणी शेपूच्या वासाचा म्हणून शेपू, आणि ते झाड वादळात पडले की त्याची चव कायमची नाहीशी होते. (केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील काही जातींच्या एका कोयीतून अनेक रोपे निघतात आणि त्यांतली बहुतेक फलनाविनाच, मातृझाडाच्या पेशींपासून घडलेली असतात, निसर्गाने आखलेली सीमारेषा अशी ठिकठिकाणी पुसट आहे.) रायवळांतले बरेचसे आंबे आंबट किंवा धागेदार निघतात हे खरे; परंतु आज नावाजलेल्या बहुतेक भारतीय जातीही कोणे एके काळी अशाच योगायोगाने उगवलेल्या रोपांतून माणसाने हेरल्या आणि कलमाने राखल्या आहेत. गोडी कोयीने शोधली आणि कलमाने सांभाळली, असेच म्हणावे लागते.

कलम गोडीसोबत दोषही तितक्याच इमानाने सांभाळते. हापूस वरून निर्दोष दिसत असताना कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव निघतो, त्याला साका म्हणतात. हा दोष आणि वर्षाआड फळ धरण्याची सवय शतकानुशतके काडीबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जात राहिली. त्यातून सुटण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाला पुन्हा परागाकडेच वळावे लागले, आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही दरवर्षी फळणारी, साका नसलेली जात पुढे आली. रोगाच्या बाबतीत एकसारखेपणाची किंमत याहून जबर असते: मध्य व दक्षिण अमेरिकेतील निर्यातीच्या मळ्यांवर राज्य करणारी ग्रो मिशेल ही केळी विसाव्या शतकाच्या मध्याला पनामा मर रोगाने उद्ध्वस्त झाली, कारण एका झाडाला मारू शकणारी बुरशी त्या सगळ्याच झाडांना मारू शकत होती.

पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणात कोय कलमे बांधली जातात. नुकत्याच रुजलेल्या रायवळाच्या कोयीतून तांबूस, लुसलुशीत पानांचे रोप वर आलेले असते. कारागीर त्याचा शेंडा छाटून खोडाला उभी चीर देतो, हापूसच्या काडीचे बूड पाचरीसारखे तासून तिच्यात बसवतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधतो. सालीखालचे वाढते थर एकमेकांना भिडून सांधा जुळतो, रस वर चढू लागतो, तरी पेशी आपापल्याच राहतात: सांध्याच्या वर हापूस, खाली रायवळ. कोकणातले बहुतेक हापूस असे कोणा अनामिक कोयीच्या मुळांवर उभे आहेत. कधी सांध्याच्या खालून फुटवा येतो, आणि बागायतदार दिसताक्षणी तो खुडून टाकतो. एखादा नजरेतून सुटला, तर हापूसच्या बुंध्याशी रायवळाची फांदी वाढते, आणि तिला मोहोर येऊन पहिले फळ पिकेपर्यंत त्या आंब्याची चव कोणालाच ठाऊक नसते.