नाथसागराची मासळी

अवर्षणाच्या मुलखात वाढलेल्या माणसाचा पिंड साठवणुकीचा असतो. मराठवाड्यातील जुन्या घरांत धान्यासाठी पेवे आणि बळदे होती, उन्हाळ्यात सांडगे-पापड वाळवून डबे भरून ठेवण्याचा दस्तूर होता, आणि मासळीसुद्धा बहुतेकांच्या परिचयाची होती ती आठवडी बाजारातून आणलेल्या सुकट-बोंबलाच्या रूपाने; गोदाकाठी राहणाऱ्यांना भोयांच्या जाळ्यातली मरळ किंवा वाम मिळे, परंतु नदीपासून दूरच्या घरांत ताजी मासळी हा अपूर्वाईचाच जिन्नस होता. या साठवणुकीच्या संस्कारात वाढलेल्या स्वयंपाकघराला ताज्या मासळीने एक निराळाच धर्म शिकविला, असे मला मनापासून वाटते.

हा पालट घडविला तो पैठणच्या जायकवाडी धरणाने. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, त्या सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या, सत्तावीस दरवाजांच्या धरणामागे गोदावरी विसावली, हजारो कुटुंबांची घरे आणि वडिलोपार्जित जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि त्या जलाशयाला एकनाथांच्या स्मृतीने नाथसागर हे नाव मिळाले. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या नळांना येणारे पाणीही तेथलेच. म्हणजे ज्या पाण्यात रोहू वाढतो त्याच पाण्यात आमच्या घरी त्याचा रस्सा शिजतो.

हा रोहू मूळचा उत्तरेकडील गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतला. पावसाळ्यात वाहत्या पाण्यावाचून तो सहसा अंडी घालीत नाही, म्हणून धरणाच्या संथ पाण्यात त्याचे बीज सोडावे लागते. आणि हे बीज विपुल मिळू लागले ते १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रजनन यशस्वी केल्यानंतर. शास्त्रज्ञाची साधना, विस्थापितांचा त्याग आणि पहाटे तराफ्यावरून जाळे ओढणाऱ्या भोयाचे श्रम, इतके सारे ज्याच्या पाठीशी उभे आहे, तो मासा ओट्यावर आला म्हणजे त्याची हयगय करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

ताज्या माशाचा डोळा भरीव आणि स्वच्छ असतो, कल्ले लालभडक असतात, आणि अंगावर बोट दाबून उचलले की पडलेला खळगा तत्काळ भरून येतो. शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढीत खवले काढावेत, पित्ताची पिशवी फुटू न देता पोट साफ करावे, आतला काळसर पापुद्रा खरवडून टाकावा, आणि मग तुकड्यांना मीठ, हळद व चिंचेचा कोळ लावून थोडा वेळ ठेवावे. गोड्या पाण्यातील माशाला जो मातकट वास येतो तो पाण्यातील सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेल्या एका द्रव्याचा असतो, आणि आम्लाने ते द्रव्य विघटित होऊन वास मंदावतो. विशेष हे, की बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यातही माशाला चिंचेचा रस सांगितला आहे. रसायनशास्त्राने ज्याचे कारण दिले, ते आमच्या दख्खनी पाकसिद्धीने अनुभवाने केव्हाच हस्तगत केले होते.

पुढचे काम थोडे, पण अवधानाचे. काही तुकडे ज्वारीच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर करडईच्या तेलात मंद आचेवर तळावेत; उरलेले तुकडे लसूण, कोथिंबीर आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणाच्या, उकळी फुटलेल्या रश्श्यात अलगद सोडावेत आणि मग पळी न घालता पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवावे, म्हणजे तुकडा मोडत नाही. आमचा काळा मसाला येथे चिमटीनेच घालावा. मटणाच्या रश्श्यात आणि सुकटीत तो राज्य करतो ते योग्यच आहे. परंतु ताज्या माशाच्या अंगची सौम्य गोडी त्याच्याखाली दडपून टाकणे हा अन्याय होय.

ताजेपणा मात्र कोणत्याही पेवात, कोणत्याही बरणीत ठेवता येत नाही. बर्फाने त्याची मुदत थोडी वाढते, इतकेच. म्हणून मोठा रोहू घरी आला, की तो त्याच सांजेला शिजतो, शेजारच्या दोन घरी वाटी जाते, काटे निवडून लहान मुलांना भरविताना थोरांचे जेवणही सावकाश होते, आणि उद्याच्या चिंतेने सदैव ग्रासलेले घर त्या दिवशीचे सुख त्याच दिवशी उपभोगते. संचय हा आमच्या मुलखाचा सद्गुण आहे, आणि दुष्काळाने तो आमच्यात रुजविला आहे. परंतु जे टिकत नाही ते वेळ न दवडता, निगुतीने सिद्ध करून चार जणांत वाटणे, हाही तितकाच आवश्यक सद्गुण आहे. प्रदेशातल्या सर्वांत मोठ्या जलसंचयातूनच हा दुसरा धडा आमच्या पदरी पडावा, याबद्दल मी त्या पाण्याचा, आणि त्याखाली ज्यांची गावे गेली त्यांचा, ऋणी आहे.