चुली तीन, खातं एक

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंपानं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं गाव औसा तालुक्यातलं. जी 52 गावं जुन्या जागी पुन्हा बांधायची नाहीत, नव्या गावठाणात हलवायची असं ठरलं, त्यांतलं एक. मी गावचाच, आणि तिथल्याच शाळेवर मास्तर. शाळा पडलेली, पट कमी झालेला. मला यादीच्या कामाला लावलं.

पत्र्याच्या शेडमध्ये फिरून नमुना भरायचा. कुटुंबप्रमुख, खाते नंबर, एकूण क्षेत्र, मयत. मयताच्या रकान्याशी हात थांबायचा. समोरचं माणूस नावं सांगता सांगता गप्प व्हायचं. क्षेत्राचा रकाना मात्र तलाठ्याच्या आठ-अ वरून पाहून मी पटापट भरला. पुढं कुणाला केवढं घर मिळणार ते ठरलं त्या पटापट भरलेल्या रकान्यावरून.

हिशोब साधा होता. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फुटांचं घर, 1 ते 7 हेक्टरवाल्याला 450, त्याच्या वर 750. किती माणसं गेली, किती उरली, याचा घराच्या मापाशी संबंध नव्हता. जी गावं हलली नाहीत तिथं वेगळीच तऱ्हा. भिंतीला तडा केवढा, त्यावरून कुणाला दुरुस्तीचे 17,000 तर कुणाला 34,000. लोक आपापल्या तड्यात बोटं घालून दाखवायचे.

आमचे चुलते, नाना, माळवदाखाली गेले. सोबत थोरली सूनही. वाड्यात त्यांच्या तीन मुलांच्या तीन चुली होत्या. तिघांचे संसार वेगळे, सण एकत्र. जमीन पंधरा एकर, म्हणजे 6 हेक्टर, सगळी नानांच्या नावावर. ‘मी हाय तवर वाटणी न्हाई,’ असं ते म्हणायचे आणि गावात त्याचं कौतुकही होतं. शेजारच्या भावकीत असेच तिघे भाऊ, जमीनही तेवढीच. पण बांधावरून डोकी फुटली आणि भूकंपाच्या चार-पाच वर्षं आधीच त्यांनी खातेफोड करून घेतली. त्यांना 450 ची तीन घरं बसली. नानांच्या तीन मुलांत मिळून एक.

मी यादी लिहीत होतो तेव्हा काकू शेडच्या दारात तीन दगडांवर भात शिजवत होत्या. म्हणाल्या, ‘मास्तर, चुली मोजा की. सातबारा कशाला मोजालाव?’ मी म्हटलं, काकू, रकान्यात चूल नाही. चुलींचा पुरावा तरी कुठं उरला होता? धुरानं काळ्या झालेल्या तिन्ही भिंती ढिगाऱ्यात. वेगळी रेशनकार्डं देवळीत ठेवलेली होती. धाकट्यानं दोन दिवस माती उपसली, तेव्हा त्याच्या हाती एक चिंधी लागली. तिच्यावर शिक्का होता, नाव नव्हतं.

घरांच्या चाव्या मिळाल्यावर तिघं औरंगाबादला वकील गाठून आले. कोर्टात केलेल्या अर्जात राज्यघटनेचं कलम 14 होतं, सारख्या परिस्थितीतल्या माणसांना सारखी वागणूक. आमच्या वकिलानं नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्याचा दाखला काढला. त्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरलेला आहे. समोरचं म्हणणं असं, की धरणात सरकार माणसं उठवतं म्हणून मोबदला द्यावा लागतो. इथं धरणीनंच उठवलं. ही मदत आहे, हक्क नव्हे, आणि मदतीला काहीतरी मोजमाप लागतंच. खरं सांगतो, मला ते अगदीच खोटं वाटलं नाही. शेडमध्ये महिनाभरात नवरा-बायकोची भांडणंसुद्धा वेगळ्या कुटुंबाच्या हिशोबानं व्हायला लागली होती, हे मी पाहिलं होतं. कुठंतरी रेघ मारावी लागणारच. पण ती आठ-अ वर मारली की भांडकुदळ जिंकतो आणि गुण्यागोविंदानं राहणारा हरतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मला शपथपत्र द्यावं लागलं. वकिलानं विचारलं, ‘चुली तीन आहेत हे तुम्हाला माहीत होतं?’ होतं. ‘मग कुटुंब एक का लिहिलं?’ मी सांगितलं, खातं एक होतं म्हणून. त्यानं तेच वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि मी खाली सही केली. मास्तरकीत एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

निकाल आमच्या बाजूनं नाही, विरुद्धही नाही. अर्जदारांच्या निवेदनावर तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, एवढंच. तीन महिन्यांचे चौदा झाले, तोवर मी चार वेळा पिशवीत कागद घालून गेलो. शेवटी पत्र आलं. आणखी एक घर मंजूर, 250 चौरस फुटांचं, नव्या गावठाणाच्या पार मागच्या ओळीत.

आता तिघांत घरं दोन. मागच्या ओळीत कुणी जायचं? आधी हसत-हसत बोलणं झालं, मग बायका बोलायच्या बंद झाल्या, मग पोळ्याला बैल वेगवेगळे निघाले. कोर्टात एका अर्जावर सह्या करणारे भाऊ एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जायला लागले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खातेफोड केली, पाच-पाच एकर. तलाठ्याच्या कागदावर पंच म्हणून सही माझीच आहे.