धावपट्टीच्या पुढची जमीन

रविवारपासून फोन थांबत नाहीयेत. "विमान पडलं म्हणे? तुम्ही आत होता ना?" एका ग्रुपवर तर मला जिल्हा रुग्णालयात दाखलही करून टाकलंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. विमान पडलं नाही. मी ठणठणीत आहे. पण जे झालं ते सांगायलाच हवं. त्यात एक गोष्ट आपल्या गावाची आहे आणि एक माझी, जरा लाजेची. लांबलंय, पण पूर्ण वाचा.

आपल्या धावपट्टीवर मुंबईहून एक खासगी विमान आलं होतं. सेस्ना १७२. चार जणांचं, एकच इंजिन, पुढं पंखा. चालवणारे गृहस्थ साठीचे, सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. मी गेलो होतो धावपट्टीच्या दुरवस्थेची बातमी करायला. बोलता बोलता ते म्हणाले, "चला, वरून बघा तुमचं गाव." नाही कोण म्हणणार?

निघण्याआधी त्यांनी अर्धा तास घालवला. टाकीखालच्या नळीतून पारदर्शक कपात पेट्रोल काढून उजेडात धरलं. या विमानाचं पेट्रोल निळसर असतं, पाणी शिरलं असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. मग इंजिन चालू करून वेग वाढवला. ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, मॅग्नेटो म्हणतात त्यांना. एकेक बंद करून पाहिली. सगळं व्यवस्थित.

मग रनवेच्या टोकाशी थांबून ते मोठ्यानं बोलायला लागले. "जमिनीवर असताना बिघडलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. वर गेल्यावर बिघडलं आणि रनवे शिल्लक असेल तर त्यावरच खाली. रनवे संपला असेल तर नाक खाली, समोर जी मोकळी जागा असेल तिथं, थोडं डावीउजवीकडं चालेल. हजार फुटांच्या आत मागं वळायचं नाही." मग माझ्याकडं बघून, "तुमचं काम एकच. मी सांगितलं की दाराची कडी काढून दार जरा उघडं ठेवायचं. सांगाडा वाकला तर दार अडकतं."

मी मनात म्हटलं, निघताना हे काय अभद्र! आपला एसटीचा ड्रायव्हर स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करतो. ब्रेक फेल झाला तर काय करीन, हे प्रवाशांना सांगत बसत नाही.

निघालो. चाकं सुटली. दीडेकशे फुटांवर असू आणि इंजिनाचा आवाज बदलला. बंद नाही पडलं. जुनी जीप मिसिंग करायला लागली की कशी अंग झटकते, तसं सगळं विमान थरथरायला लागलं. माझा जीव म्हणत होता, वर घ्या, वर घ्या. कॅप्टननी उलटं केलं. नाक खाली दाबलं. थ्रॉटल मागं. रनवे अजून समोर होता. चाकं आपटली, एकदा उडाली, परत टेकली. ब्रेक. रनवे संपला, मुरमावरून खडखडत गेलो आणि कुंपणाच्या तीसेक पावलं अलीकडं थांबलो. त्यांनी पेट्रोल तोडलं, स्विच बंद केले आणि म्हणाले, "दार?" मी दार उघडलंच नव्हतं. साफ विसरलो होतो. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाच्या आतला.

पंखाच्या सावलीत बसून पाणी प्यायलो. हात थरथरत होते, पण पत्रकाराची खोड जात नाही. विचारलं, "इंजिन चालू तर होतं. गोल फिरून परत आला असता तर?"

"याच विचारानं पुष्कळ पायलट गेलेत," ते म्हणाले. काडी घेऊन मातीत आकृती काढली. मागं वळणं म्हणजे अर्धं वर्तुळ नव्हे. अर्धं वळल्यावर विमान रनवेच्या बाजूला असतं, परत रेषेत यायला आणखी वळावं लागतं. मिळून पाऊण वर्तुळाच्या आसपास. इंजिनाशिवाय हे करताना उंची सतत जात असते. वळायला विमान तिरकं करावं लागतं आणि जितकं तिरकं, तितका तरंगायला वेग जास्त लागतो. पंचेचाळीस अंशांना जवळजवळ एक पंचमांश जास्त. जमीन जवळ येताना दिसली की हात आपोआप नाक वर ओढतो. वेग आणखी पडतो, एक पंख खाली जातो आणि विमान गिरक्या घेत कोसळतं. सावरायला तेवढी उंचीच नसते. याउलट पंख सरळ ठेवून, कमी वेगात, ताब्यात असलेलं विमान शेतात टेकवलं तर विमान मोडेल, पण आतली माणसं वाचायची शक्यता खूप जास्त.

"आणि हे लक्षात ठेवा," ते म्हणाले, "पूर्ण बंद पडलेलं इंजिन निदान खरं बोलतं. अर्धवट चालणारं फसवतं. माणसाला वाटतं, ओढेल अजून थोडं."

मग ते अभद्र भाषण कशासाठी होतं तेही समजलं. इंजिन बिघडल्यावर विश्वास बसून हात हलायलाच काही सेकंद जातात. विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून निर्णय खाली बसून, शांत डोक्यानं घ्यायचा आणि वर फक्त तो पाळायचा.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकला होता. जमिनीवरच्या तपासणीत तो नीट चालला होता. म्हणजे सगळी काळजी घेऊनही बिघडायचं ते बिघडतं.

घरी येऊन मी वाचत बसलो. हॉलिवूडचा नट हॅरिसन फोर्ड ५ मार्च २०१५ रोजी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं छोटं विमान घेऊन कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून निघाला. उड्डाणानंतर लगेच इंजिनाची ताकद गेली. चौकशीत कार्ब्युरेटरमधला जेट सैल झालेला सापडला. रनवेपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. तो शेजारच्या पेनमार गोल्फ मैदानावर उतरला. झाडाला घासून, हाडं मोडून, पण वाचला. आधी मी त्याचं कौशल्य वाचत होतो. दुसऱ्यांदा वाचताना मैदान दिसलं. ते तिथं होतं आणि मोकळं होतं.

आपल्या देशात १२ जून २०२५ ला अहमदाबादला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. ते मोठं विमान, प्रकार वेगळा, त्याची इथं तुलना करत नाही. एवढंच आठवा की रनवेच्या पुढं वैद्यकीय महाविद्यालयाचं वसतिगृह होतं. विमानातली २४१ माणसं गेली आणि जमिनीवरची १९.

आता आपल्या गावाची गोष्ट. कॅप्टननी कुंपणापलीकडं बोट दाखवलं. "आज रनवे उरला होता. तीनशे फुटांवर बिघडलं असतं तर तिकडं गेलो असतो. झकास जागा आहे. ते पांढरे दगड कसले?"

"प्लॉटिंग," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. मीही. पुढचं त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. 'विमानतळालगत सुवर्णसंधी' ही जाहिरात तुम्ही आमच्या पेपरात पाहिली असेल. तिचा मजकूर मी लिहिलाय. आणि त्या लेआउटमध्ये सतरा नंबरचा प्लॉट मी बुक केलाय, एक्कावन्न हजार टोकन देऊन. मुरमात बसून मी दगड मोजले. सतरावा अगदी रनवेच्या रेषेत आहे.

लेआउटचे कागद मी पाहिलेत, बेकायदेशीर काही नाही. विमानतळाजवळच्या बांधकामाला उंचीची मर्यादा असते, ती एकमजली घरं पाळतीलच. पण घर कितीही बुटकं असलं तरी ते शेत नव्हे. आणि शेतकऱ्यानं जन्मभर सोयाबीनच पेरावं असं सांगायचा हक्क आपल्याला नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांची पट्टी मोकळी हवी असेल तर सरकारनं योग्य मोबदला देऊन ती घ्यावी. पहिलं घर उभं राहायच्या आत. नंतर ते जमत नाही.

दुसरं, कचरा डेपो. विमान नियम १९३७ मधला ९१ वा नियम सांगतो की विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत कचरा टाकायचा नाही. कारण उघड आहे, पक्षी. आपला डेपो चार किलोमीटरवर आहे आणि वर घारी कशा फिरतात ते सकाळी फिरायला जाणाऱ्यांना विचारा.

तिसरं आपल्यासाठी. आम्ही थांबलो तोच कुंपणावरून पोरं सेल्फीला धावली. एकाच्या तोंडात सिगारेट. बाबांनो, असं विमान उतरलं तर आधी आतली माणसं बाहेर काढायला मदत करा, पंख्यापासून लांब राहा आणि विडीकाडी पेटवू नका. पेट्रोल सांडलेलं असू शकतं.

सतरा नंबरचं बुकिंग मी काल रद्द केलं. टोकन परत मिळेल की नाही ते बघू, घरात त्यावरून बोलणी खातोय. आणि ती जाहिरात यापुढं माझ्या हातून लिहिली जाणार नाही. सोमवारी अकरा वाजता दोन्ही मागण्यांचा अर्ज घेऊन आधी नगरपालिकेत आणि मग प्रांत कार्यालयात जातोय. ज्यांना सही करायची असेल त्यांनी पालिकेच्या दारात भेटा. बाकीच्यांनी निदान मी दवाखान्यात नाही, हे तरी पुढं पाठवा.