कापसाचा धडा

टेक्सासच्या राज्य शिक्षण मंडळाचे १५ सदस्य मतदानाने निवडून येतात, तेही पक्षाच्या तिकिटावर. इतिहासात काय शिकवायचं ते हेच लोक ठरवतात. २०१० साली त्यांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धाची कारणं लिहिली ती अशी: प्रादेशिक वाद, राज्यांचे अधिकार आणि सगळ्यात शेवटी गुलामगिरी. क्रम उगाच लागलेला नव्हता. २०१८ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला मुख्य कारणाची जागा मिळाली. मग जून २०२१ मध्ये गव्हर्नरांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यानुसार गुलामगिरी आणि वंशद्वेष म्हणजे अमेरिकेच्या मूळ तत्त्वांशी झालेली प्रतारणा, याहून वेगळं काही शिकवायचं नाही. आणि त्याच आठवड्यात, टेक्सासातल्या गुलामांना मुक्ततेचा हुकूम ऐकवला गेला तो १९ जून देशाच्या सुट्टीचा दिवस ठरला!

माझी मुलगी इथे ह्यूस्टनजवळ आठवीत आहे. तिच्या बाई मनापासून शिकवतात. एका पोराने विचारलं, ‘मग अजून काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या का?’ बाई थबकल्या, म्हणाल्या, ‘हे घरी विचारा.’ कायदा सांगतो, चालू वादाच्या विषयावर बोलायची शिक्षकावर सक्ती नाही. बोललात तर वस्तुनिष्ठपणे, राजकीय कल न ठेवता बोला. नोकरी सांभाळणारं माणूस अशा वेळी गप्प बसतं. मला बाईंचा राग येत नाही, कायद्याचा येतो.

प्रश्न आमच्या घरी आला. मी वऱ्हाडातल्या वणीकडचा, पऱ्हाटीत वाढलेला, म्हणून कापसापासून सुरुवात केली. १८६१ मध्ये युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. टेक्सासचा कापूस गॅल्व्हेस्टन बंदरातून जायचा, तो वेचणारे हात गुलामांचे होते. पोरगी म्हणाली, ‘हे पुस्तकात का नाही?’

आमच्याही पुस्तकात कुठे होतं? लिंकन शिकवताना गुरुजींचा आवाज चढायचा. पण वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या कोलाम आदिवासीच्या पोराबद्दल, झरी-जामणी, मारेगावच्या त्याच्या पोडांबद्दल, म्हणजे वस्त्यांबद्दल, एक ओळ आम्ही शिकलो नाही. पारध्यांबद्दलही नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला, तो १९५२ मध्ये गेला. पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, त्याचा ठपका आजही आहे. तालुक्यात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तिकडेच वळते. हे शिकवू नका असा कायदा कुणी केला नव्हता. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांत कोलाम नव्हता, पारधी नव्हता, एवढंच पुरलं.

इथल्या मंडळाच्या बैठकीत नाव नोंदवून सामान्य माणसाला बोलता येतं. मी नाव देणार आहे. बालभारतीलाही पत्र लिहायला घेतलंय: वऱ्हाडच्या कापसाच्या धड्यात गॅल्व्हेस्टन घाला आणि कोलामांचा पोडही घाला.