बाड्यावरची द्राक्षं

मार्चअखेरीला दिंडोरीचा मामा ग्वाल्हेरला आला, की पहिल्याच संध्याकाळी त्याला महाराज बाड्यावर न्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. त्याची वाईनची द्राक्षं तोवर तोडून झालेली असतात, म्हणून तो जरा मोकळा असतो.

"वाड्याचा बाडा कोणी केला रे तुमच्याकडे?" हा त्याचा दर वर्षीचा प्रश्न. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला आणि त्या लष्कराचंच 'लश्कर' नावाचं शहर झालं. गोरखी हा शिंद्यांचा जुना वाडा. त्याच्यालगतचा चौक तो महाराज वाडा. हिंदीच्या तोंडी 'व'चा 'ब' झाला आणि दोनशे वर्षांत आपणही बाडाच म्हणू लागलो.

यंदा बरोबर माझी आठवीतली भाची होती. सराफ्याकडून येताना एका ठेल्यावर हिरवी द्राक्षं दिसली. "कुठली?" विचारल्यावर ठेलेवाला म्हणाला, "नासिक का माल है।" मामा खूश. भाचीने मात्र एक घड उचलून नाक मुरडलं. "यावर पांढरं काय आहे? औषध?"

मामा लगेच काही बोलला नाही. अर्धा किलो घेतली आणि आम्ही व्हिक्टोरिया मार्केटसमोर आलो. 2010 च्या आगीत होरपळलेली ही इमारत आता सावरली आहे आणि तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे. पाटी वाचून मामा म्हणाला, "हे बरं झालं. वेलाचं जेवण दगडापासूनच सुरू होतं."

मग पायरीवर बसून त्याने भाचीला समजावलं. नाशिककडची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. जिथे चुनखडी जास्त, तिथे मातीत जस्त आणि लोह असूनही ते मुळाला मिळत नाही. ताट वाढलेलं, पण हात पोचत नाही, अशी गत. तेव्हा ते पाण्यात अगदी पातळ करून पानांवर फवारतात. पानाच्या मेणचट थरातून आणि सूक्ष्म छिद्रांतून ते आत जातं. म्हणून फवारणी सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर करायची. भर उन्हात थेंब लगेच सुकतो आणि पान करपतं. "पण पान चमचाभरच घेतं," मामा म्हणाला. "पोटभर जेवण मुळानेच करायचं."

"मग वाईनला त्याने काय फरक पडतो?" हा प्रश्न माझा.

रसाची वाईन करतं ते यीस्ट. त्याला साखर पुरत नाही, नत्रही लागतं. लिटरभर रसात यीस्टला वापरता येईल असं नत्र साधारण 140 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर आंबवण रेंगाळतं, कधी मध्येच थांबतं. उपाशी यीस्ट सडक्या अंड्याचा वास सोडतं. यावर जमिनीतून भरपूर युरिया दिला, तर वेल नुसता पानांनी माजतो, घडांवर सावली पडते आणि कूज लागते. म्हणून मण्यांत पाणी उतरायच्या सुमाराला युरियाची सौम्य फवारणी करतात. वेल माजत नाही आणि नत्र मण्यांत पोचतं. स्वित्झर्लंड आणि स्पेनमध्ये असे प्रयोग झाले आहेत. फ्रान्समध्ये बोर्दोला सोव्हिन्यों ब्लाँ या जातीवर नत्राबरोबर गंधकही फवारलं, तेव्हा तिच्या खास फळांच्या वासाला आधार देणारी द्रव्यं वाढली. हीच जात आज नाशिकलाही आहे.

"मग फवारा की रोज!" भाची म्हणाली.

मामा हसला, पण जरा ओशाळून. वाईनची बाग लावली तेव्हा त्याच्या हाताला सवय खाण्याच्या द्राक्षांची होती. तिथे मणी फुगवायला जी.ए. आणि शेवटी गोडीसाठी झिरो-झिरो-पन्नास, म्हणजे पालाश. पहिल्या वर्षी वाईनच्या बागेतही त्याने तेच पालाश सढळ हाताने फवारलं. गोडी छान उतरली. पण पालाश जास्त झालं की रसातली आम्लता मारली जाते, आणि नाशिकच्या उन्हात ती आधीच भराभर उतरते. अशा रसाची वाईन मिळमिळीत होते, लाल वाईनचा रंगही फिका पडतो आणि ती टिकत नाही. वाईनरीच्या माणसाने रस तपासून भाव पाडला. वर्षाचं गणित त्या एका आकड्यावर बिघडलं आणि मामीच्या बांगड्या त्या वर्षी बँकेत गेल्या.

तेव्हापासून तो आधी पानांच्या देठांची तपासणी करून घेतो. कशाची कमतरता आहे ते कळल्याशिवाय पंप पाठीवर घेत नाही. फुलोऱ्याच्या आधी बोरॉन कमी दिसलं, तर तेवढंच देतो, कारण त्यावाचून मणी नीट धरत नाहीत. मांजरीला, पुण्याजवळ, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या सल्ल्याचे कागद तो फायलीत लावून ठेवतो.

"पानावर पडलेलं सगळं पानावरच राहत नाही, एवढं लक्षात ठेवायचं," तो म्हणाला. 2010 मध्येच युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारं रसायन सापडलं आणि निर्यातीला मोठा फटका बसला. ते खत नव्हे, पण धडा तोच.

मग त्याने घड उचलला आणि एक मणी बोटाने पुसला. पांढुरका थर निघाला, खालून चकचकीत हिरवं दिसलं. "ही लव द्राक्षाची स्वतःची, मेणाची. सगळीकडे सारखी असते. थेंबांचे डाग दिसले तर तो फवारा. धुवायची मात्र दोन्ही."

बाड्यावरचे दिवे लागले होते. भाचीने घरापर्यंत एकही मणी तोंडात टाकला नाही. घरी गेल्यावर तिने स्वतः द्राक्षं धुतली आणि पहिली वाटी मामाला दिली. त्याने एक मणी चावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "गोड आहे. पण माझ्या वाईनला नाही चालायचं."